पॅनेल वाढवण्याआधी वायरची जाडी विचारा

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको निवृत्त आहोत. बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांची) ट्रॅव्हलर व्हॅन घेतली आहे आणि तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची सोय करून घेतोय. आधी कोकण, पुढे जमलं तर हिमाचलातलं स्पिती. फिटर म्हणतो, छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल, इन्व्हर्टरला असते तसली १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी आणि अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणारं जनित्र) रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टाकून थेट वायर. जावई म्हणतात, लिथियमच घ्या. छोटा फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल-लॅपटॉप आणि शक्य असेल तर इंडक्शन चालवायचंय. कुणाचं ऐकू? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बॅटरीच्या बाबतीत जावयांचं ऐका. मात्र लिथियम घेतलीत की फिटरची ती थेट वायर रद्द करायला लागेल.

आधी रोजचा खर्च मांडू. १२ व्होल्टवर चालणारा छोटा काँप्रेसर फ्रिज कोकणातल्या उकाड्यात दिवसाला साधारण ५०० वॉट-तास खातो. बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा रात्रभर चालला तर दोनशे-अडीचशे. दिवे, मोबाइल, लॅपटॉप मिळून दीडशे. एकूण ९०० धरून चला. इंडक्शन यात बसत नाही. २००० वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून पावणेदोनशे अँपिअरच्या आसपास ओढते, आणि एवढ्यासाठी इन्व्हर्टरपासून केबलपर्यंत सगळंच जाडजूड घ्यावं लागतं. स्वयंपाक गॅसवर करा, खिडकी उघडी ठेवून.

ट्यूब्युलर घरात उत्तम चालते, कारण लाइट आली की ती दहा-दहा तास निवांत चार्ज होत राहते. गाडीत तिला एवढी सवड मिळत नाही. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला ती तासन्‌तास घेते, तोवर ऊन उतरतं. रोज अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी लवकर जाते. वजन पन्नास-साठ किलो. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तुम्ही तिच्या शेजारीच झोपणार. निम्म्याखाली उतरवायची नाही म्हणजे १५० मधले ७५ एएचच तुमचे. उलट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बारा-तेरा किलोची असते आणि तिच्यातले ८०-९० बिनधोक वापरता येतात. तुमचा रोजचा खर्च (९०० वॉट-तास भागिले बॅटरीचे पावणेतेरा व्होल्ट) ७० एएचच्या आसपास आहे, म्हणजे एक दिवस निघतो. समुद्राकाठी दोन-दोन दिवस मुक्काम टाकायचा असेल तर २०० एएच घ्या.

आता रिलेचं. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे रिकामी असताना ती मिळेल तेवढा करंट ओढत सुटते. घाटात गाड्यांची रांग लागली, इंजिन नुसतंच घुरघुरतंय, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतोय आणि वर हा भार, अशा वेळी अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय बऱ्याच बीएस-६ गाड्यांमध्ये इंजिनचा संगणक अल्टरनेटरचे व्होल्ट मधूनच खाली आणतो, मग मागची, घरगुती वापराची बॅटरी पूर्ण भरतच नाही. म्हणून मध्ये ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर बसवा. तो पुढून ठरावीकच करंट घेतो आणि मागे लिथियमला हवे ते १४.२ ते १४.४ व्होल्ट देतो. करूळ घाटानं कोल्हापूरहून मालवणला उतरायला चारएक तास लागतात. तेवढ्यात सव्वाशेच्या आसपास एएच भरले जातात. पॅनेल काही म्हणो, फिरत्या माणसाचा मोठा आधार हाच.

वायरच्या बाबतीत मी हट्टी आहे, आणि तुम्हीही व्हा. पुढच्या बॅटरीपासून मागच्यापर्यंत सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. फिटर नेहमीची ६ स्क्वेअर एमएम टाकेल. तिच्यातून ३० अँपिअर गेले की एक व्होल्ट वाटेतच जातो, पुढून १४.२ निघालेले मागे १३.२ पोचतात. तीच वायर १६ ची टाकली तर घट ०.४ वर येते. चार्जर मागच्या बॅटरीजवळ लावा. निगेटिव्हलाही तेवढ्याच जाडीची वायर ओढा, बॉडीच्या भरवशावर राहू नका. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून घ्या. पक्कडीनं दाबलेलं थिंबल धक्क्यांनी सैल होतं आणि तापतं. दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हला, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत, वायरच्या जाडीला साजेसा फ्यूज हवाच. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सुटतात आणि गाडी पेटायला काही सेकंद पुरतात. इथे काटकसर करणाऱ्या फिटरला काम देऊ नका.

२०० वॉटचं पॅनेल छतावर आडवं टाकून, धूळ-उष्णता धरून, स्वच्छ उन्हाच्या दिवशी सातशेच्या आसपास वॉट-तास देतं. खाली दोन बोटं मोकळी जागा सोडा; तापलेल्या पॅनेलची वीज घटते. कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारं यंत्र) एमपीपीटीच, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, घ्या आणि सेटिंग लिथियमचं करा. पण कोकणात आपण गाडी माडाखाली लावतो, नाही का? एका झावळीची सावली दोन-तीन सेलवर पडली तरी पॅनेलचा निम्मा भाग गप्प बसू शकतो. सकाळी दहा ते दुपारी तीन गाडी उन्हात आणि तुम्ही सावलीत, असं जमवा. पावसाळ्यात पॅनेलचा हिशेब धरूच नका.

स्पितीला शून्य अंशाखाली लिथियम चार्ज केली तर ती कायमची खराब होते. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) आहे का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या आणि बॅटरी गाडीच्या आत, पलंगाखाली ठेवा. आतल्या बदलांबद्दल काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

जोडणीच्या दिवशी स्वतः उभ्या राहा. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. काम चालू असेपर्यंत पॅनेलवर जाड चादर टाकून ठेवायला सांगा.