याकोबाने फसवून घेतलेला आशीर्वाद इसहाकाने परत का घेतला नाही? हिब्रू शास्त्रात वडिलांच्या आशीर्वादाचा आध्यात्मिक अर्थ काय?

बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात धाकटा याकोब आंधळ्या बापाला, इसहाकाला, फसवून थोरल्या एसावासाठीचा आशीर्वाद घेतो. पण परत घ्यायला तो इसहाकाच्या मालकीचा नव्हताच. देणारा देव, बाप फक्त उच्चारतो. उत्पत्ती २७:२८ मध्ये त्याचं बोलणं 'देव तुला देवो' असंच सुरू होतं. म्हणून फसवणूक कळल्यावर म्हातारा थरथर कापतो खरा, पण याकोबाला आशीर्वाद लाभेलच, असंही लगेच म्हणतो.

एक गल्लत नेहमी होते. ज्येष्ठपणाचा हक्क वेगळा, आशीर्वाद वेगळा. हक्क म्हणजे वाटणी. पुढे बायबलच्या अनुवाद या पुस्तकात (२१:१७) थोरल्याला दुप्पट वाटा सांगितलाय, म्हणजे दोन मुलगे असतील तर तीन भाग करून दोन थोरल्याचे. हा हक्क एसावाने भाकरी आणि मसुराच्या आमटीवर आधीच विकला होता. २७व्या अध्यायात त्याच्या हातून गेला तो आशीर्वाद.

त्याची रीतही तिथेच दिसते: मुलाला जवळ बोलावणं, त्याच्या हातचं जेवण, स्पर्श, चुंबन, मग पद्यातले शब्द. आई रिबकेने याकोबाच्या हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळली, अंगात एसावाचे कपडे घातले. आंधळ्या इसहाकाला आवाजावरून शंका आली होती. स्पर्शाने आणि कपड्यांच्या वासाने तो फसला.

पण त्या आशीर्वादात होतं काय? दहिवर, सुपीक जमीन, धान्य, द्राक्षारस, भावांवर सत्ता. इसहाकाचा बाप अब्राहाम याला देवाने दिलेलं संतती आणि देशाचं वचन त्यात नाही. ते इसहाक २८:३-४ मध्ये, समोर याकोबच आहे हे पक्कं माहीत असताना देतो. मुख्य ठेवा चोरीचा नाहीच. प्रवचनांत हा भाग बहुधा सुटतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे.

आशीर्वाद म्हणजे मंत्रतंत्रही नव्हे. याकोबाला मामा लाबानाकडे वीस वर्षं राबावं लागलं, लग्नात राहेल म्हणून तिची बहीण लेआ गळ्यात पडली, आणि पुढे त्याच्याच मुलांनी आपला भाऊ योसेफ याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याला फसवलं. पुन्हा कपडे, पुन्हा बकरा! एसावालाही 'तू भावाचं जू मोडशील' हे ऐकायला मिळालंच होतं. याकोबाच्या वंशजांच्या यहूदा राज्याचा राजा योराम याच्या काळात अदोमाने, म्हणजे एसावाच्या वंशजांनी, ते मोडलं (२ राजे ८:२०).

उत्पत्तीचा अध्याय ४८ मात्र सावकाश वाचा. याकोबाचीही नजर गेलेली. योसेफ आपल्या मुलांपैकी थोरल्या मनश्शेला याकोबाच्या उजव्या हाताशी उभं करतो, धाकट्या एफ्राइमला डाव्या. याकोब हात तिढा घालून उजवा एफ्राइमच्या डोक्यावर ठेवतो. योसेफ हात धरून हलवायला जातो, तर म्हातारा म्हणतो, माहीत आहे, बाळा, मला माहीत आहे. एकेकाळी आंधळ्या बापाला फसवणारा इथे स्वतः न फसता धाकट्याला निवडतो.

अध्याय ४९ मध्ये याकोब आपल्या सगळ्या मुलांना आशीर्वाद देतो; त्यात रऊबेन, शिमोन आणि लेवी यांना तर बोलणीच बसतात, तरी शेवटी प्रत्येकाला ज्याचा त्याचा आशीर्वाद मिळाला असंच लिहिलंय.

ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथच्या (आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या) जेवणाआधी, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हेच चालतं. मुलाला 'देव तुला एफ्राइम आणि मनश्शे यांच्यासारखा करो' (४८:२०), मुलीला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांची नावं घेऊन. मग गणना या पुस्तकातला (६:२४-२६) याजकांचा आशीर्वाद. हिब्रूत त्याच्या तीन ओळी, अनुक्रमे तीन, पाच आणि सात शब्दांच्या. तोही याजक अहरोन आणि त्याच्या मुलांनी म्हणायचा, पण पुढच्याच वचनात देव म्हणतो की आशीर्वाद मी देईन.