घोळक्यात सायकल चालवताना: वाचकांचे प्रश्न

शर्यतींचे दिवस जवळ आले की प्रश्नांचा ओघ वाढतो आणि त्यातले बहुतेक सामानाबद्दल असतात. घोळक्यात कसं वागायचं, हे विचारणारे फारच थोडे. खरं तर माणसं पडतात ती घोळक्यातल्या वागण्यामुळे.

माझी सायकल 7.9 किलोची आहे. शर्यतीआधी ती 6.8 किलोवर आणावी का?

नको. 6.8 किलो ही यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, शर्यतीच्या सायकलसाठी ठरवलेली किमान मर्यादा आहे. तिथवर पोचलंच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

हुकलेस रिमवर 28 मिमीचे ट्यूबलेस टायर बसवले आहेत. पूर्वीच्या 25 मिमीच्या टायरात 110 पीएसआय हवा भरायचो, तेवढीच भरतो. टायर जितका कडक तितकी सायकल पळते, असं ग्रुपमधले सगळे सांगतात.

आधी हवा सोडा, पुढचं मग वाचा. हुकलेस रिमवर जास्तीत जास्त 5 बार, म्हणजे सुमारे 72.5 पीएसआय इतकाच दाब चालतो. अशा रिमला टायरची कड पकडून ठेवणारा हुक नसतो, त्यामुळे दाब जास्त झाला तर टायर रिमवरून सुटू शकतो. 2024 च्या फेब्रुवारीत यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा सायकलपटू थॉमस डी गेंट पडला आणि या रिमवरून मोठा वाद झाला. रिमवर एक मर्यादा छापलेली असते, टायरवर दुसरी. त्यातली कमी असेल ती धरायची.

कडक टायर पळतो हे वेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकच्या, गुळगुळीत लाकडावर खरं आहे. खडबडीत रस्त्यावर असा टायर प्रत्येक खडीवर तुम्हाला सायकलसकट उचलतो आणि त्यात ताकद वाया जाते. शिवाय प्रत्येक टायर प्रत्येक हुकलेस रिमला चालत नाही. रिम बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत तुमचा टायर आहे का ते बघा आणि मेकॅनिककडून खात्री करून घेतल्याशिवाय उतारावर जाऊ नका.

ग्रुपमध्ये माझं पुढचं चाक बऱ्याचदा पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला सरकतं. प्रो लोकही असंच चालवतात. यात एवढं काय बिघडतं?

सगळं इथेच बिघडतं.

सायकल तोल सांभाळते ती हँडलच्या बारीक हालचालींवर. आपल्याला जाणवत नाही, पण पुढचं चाक सतत डावी-उजवीकडे सावरत असतं. ते चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला घासलं की हँडल त्या बाजूला वळू शकत नाही आणि तोल सावरायचा मार्गच बंद होतो. म्हणून अशा धडकेत पुढचा बहुधा तसाच निघून जातो. पडता तुम्ही, आणि तुमच्यावर तुमच्या मागचे.

आता वेगाचा हिशेब करा. ताशी 40 किलोमीटरला तुम्ही सेकंदाला 11 मीटर जाता. डोळ्यांनी पाहून हात हलायला सेकंदाचा पाचवा भाग लागला, तरी तेवढ्यात दोन मीटरहून जास्त अंतर कापलेलं असतं. पुढच्याच्या मागच्या चाकापासून तुम्ही हातभर अंतरावर असता. म्हणजे ते चाक हललेलं बघून सावरायला वेळच नाही. त्या चाकाकडे टक लावू नका. पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडे, दोन-तीन सायकली पुढे काय चाललंय ते बघा.

पुढच्याचीही जबाबदारी आहे. सीटवरून उठून पेडल मारताना सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याला ती थेट आपल्या चाकावर आल्यासारखी वाटते. म्हणून उठण्याआधी एक गिअर जड करा आणि पेडल खाली जात असतानाच, जोर न सोडता उठा. सगळ्यांच्या पुढे राहायची पाळी संपली की हळूच बाजूला व्हा, आणि बाजूला होईपर्यंत वेग तोच ठेवा. खड्डा चुकवायला ऐन वेळी हँडल वळवू नका. आधी ओरडा, हात दाखवा.

प्रो लोकांचं म्हणाल, तर आडवा वारा असतो तेव्हा ते रस्त्यावर तिरकी रांग धरतात आणि तिथे चाकं एकमेकांच्या बाजूला येतातच. पण कुणी कोणत्या बाजूने फिरायचं हे त्या रांगेत प्रत्येकाला माहीत असतं. रविवारच्या ग्रुपमध्ये ते कुणालाच माहीत नसतं.

चाक घासलंच तर झटक्याने दूर ओढू नका, ब्रेकही मारू नका. हात सैल ठेवून त्या चाकाकडेच किंचित झुका आणि मग हळूच सुटा. हे वाचून येत नाही. गवतावर, पायी चालण्याच्या वेगात, जाणत्या प्रशिक्षकासमोर सराव करा आणि तो झाल्यावरच शर्यतीला नाव द्या.

शर्यतीत पुढच्याची चेन पडली तर थांबायचं का?

नियम तसं म्हणत नाही, प्रथा म्हणते, आणि तीही प्रामुख्याने अनेक दिवसांच्या शर्यतीत आघाडीवर असलेल्यासाठी. 2010 च्या टूर द फ्रान्समध्ये पोर्ट द बालेसच्या चढावर पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या, अँडी श्लेकची चेन पडली, त्याचा प्रतिस्पर्धी आल्बेर्तो काँतादोर पुढे गेला आणि त्या दिवशी त्याने 39 सेकंद कमावले. पॅरिसला शर्यत संपली तेव्हा दोघांमधलं अंतर नेमकं तेवढंच होतं. डोपिंगमुळे 2012 मध्ये ते विजेतेपद काढून श्लेकला दिलं गेलं, पण चेनवरचा वाद अजून मिटलेला नाही. याउलट 2022 च्या टूरमध्ये पोगाचार उतारावर पडला, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगोर त्याच्यासाठी थांबला.

तुमच्या एका दिवसाच्या शर्यतीत कुणाची चेन पडली म्हणून थांबायला नको. कुणी पडून उठत नसेल तर मात्र थांबा, निकाल काहीही लागो. बाकी शंका शर्यतीआधीच्या बैठकीत पंचांना विचारा.

हेल्मेटसकट पडलो, पण हेल्मेटला तडा दिसत नाही. वापरू का?

नाही. आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो आणि दबलेला बाहेरून दिसत नाही. डोकं दुखत असेल, मळमळत असेल किंवा काय झालं ते नीट आठवत नसेल, तर हेल्मेटचा विचार नंतर. आजच डॉक्टरकडे जा.

लांबच्या राइडनंतर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. सहा महिने झाले. जाड जेलचे ग्लव्हज घेऊ का?

सहा महिने थांबलात कशाला? तळहातातून जाणारी अल्नर नस हँडलवर दाबली जाते तेव्हा हीच दोन बोटं बधिर होतात. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल किंवा हँडल फार लांब असेल तर अंगाचा भार हातांवर येतो. ते नीट न करता ग्लव्हज घेणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. फिटरकडून सायकलची सीट आणि हँडल तुमच्या अंगाप्रमाणे बसवून घ्या. बोटांतली ताकद कमी वाटत असेल, तर आधी डॉक्टर.

सिरॅमिक बेअरिंग आणि मोठ्या पुलीच्या डिरेलरने (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेने) वॉट, म्हणजे ताकद, वाचते म्हणे. खरं का?

वाचते थोडीशी, पण जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा सगळ्यात अनुकूल चाचणीतला असतो. त्याआधी सांगा, चेन शेवटची कधी मोजलीत? 11 किंवा 12 स्पीडची चेन 0.5 टक्के लांबली की बदलायची. ती तशीच ओढत राहिलात तर ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचे, दात खाते, आणि मग नवी चेन घातली तरी जोर दिल्यावर घसरते. चेन चेकर हे छोटंसं साधन आहे. मेकॅनिककडे दोन मिनिटांत मोजून मिळेल. याच आठवड्यात मोजून घ्या.

घोळक्याच्या शर्यतीत एरोबार (कोपरं टेकून पुढे झुकण्यासाठी हँडलवर लावायचे दांडे) लावले तर चालतील?

नाही. कोपरं टेकली की हात ब्रेकपासून दूर जातात. सरावाच्या ग्रुपमध्येही लावून येऊ नका.