रग्बी सेव्हन्समध्ये प्रत्येक खंडाला एक जागा देणं अन्यायकारक नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, पॅरिस ऑलिम्पिकला ग्रेट ब्रिटनचा पुरुष संघ घरी बसला आणि आशियातून आलेला जपान तिथे सगळे सामने हरून बारावा, म्हणजे शेवटचा आला. मग खंडवार जागा वाटण्यात काय अर्थ, आणि या वाटेने भारत कधी पोचेल का?

अन्याय होतो, हे मान्य. पण माझ्या मते तो खंडाला जागा देण्यात नाही. तो सगळं एका शनिवार-रविवारवर टांगून ठेवण्यात आहे. मी हौशी पातळीवर सेव्हन्स खेळलोय, आता पोरांना शिकवतो, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिलं तर सांभाळून घ्या.

आधी गणित. ऑलिम्पिकला फक्त १२ संघ. पॅरिससाठी (२०२४) यजमान म्हणून फ्रान्स आत होता. २०२२-२३ च्या जागतिक सेव्हन्स मालिकेतून चार संघ थेट आले: न्यूझीलंड, अर्जेंटिना, फिजी आणि ऑस्ट्रेलिया. मग आफ्रिका, आशिया, युरोप, ओशनिया, उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका या सहा विभागांना प्रत्येकी एक जागा. उरलेली बारावी जागा रेपेशाजची, म्हणजे हुकलेल्यांना शेवटच्या संधीची. विभागात हुकलेल्या बारा संघांनी जून २०२४ मध्ये मोनॅकोत जमायचं आणि त्यातला एकच पुढे जायचा.

आता यात गंमत बघा. तुमच्या विभागातला दादा संघ मालिकेतून थेट आत गेला, तर तुमची वाट मोकळी होते. तो मालिकेत घसरला, तर तोच तुमच्या दारात येऊन उभा राहतो. २०१५ आणि २०१९ च्या आफ्रिकेतल्या पात्रता फेरीत दक्षिण आफ्रिका नव्हताच, कारण तो आधीच पात्र झाला होता. केनियाने पहिल्यांदा झिंबाब्वेला आणि दुसऱ्यांदा युगांडाला हरवून जागा घेतली. २०२३ मध्ये मात्र दक्षिण आफ्रिका मालिकेत पहिल्या चारांत आला नाही आणि हरारेला अंतिम सामन्यात केनियासमोर उभा राहिला. सगळे म्हणत होते की केनियाचं दुकान बंद. केनियाने तो सामना १७-१२ असा जिंकला. पाच गुण, म्हणजे एका ट्रायचा (समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचा) फरक.

दक्षिण आफ्रिका मग मोनॅकोला गेला आणि अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला १४-५ ने हरवून शेवटच्या जागेवर पॅरिसला पोचला. तिथे गटात दोन सामने हरला, कसाबसा उपांत्यपूर्व फेरीत आला, आणि मग मालिका विजेत्या न्यूझीलंडला बाहेर काढून शेवटी ऑस्ट्रेलियाला २६-१९ ने हरवत कांस्यपदक घेऊन गेला. बाराव्या जागेवरून आत आलेला संघ थेट पदकावर! आणि ग्रेट ब्रिटनचं म्हणाल, तर त्यांना दोन संधी होत्या. युरोपियन गेम्सच्या अंतिम सामन्यात ते आयर्लंडकडून हरले, मग मोनॅकोत हरले. त्यात आशियाचा काय दोष?

एवढे उलटफेर का होतात, ते खेळाच्या रचनेत आहे. सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. मैदान मात्र पंधरा जणांच्या रग्बीएवढंच. कबड्डी खेळलेल्याला हे लगेच कळेल: आत सातच जण, एक गेला की उरलेल्यांना सगळी जागा भरून काढायची. पिवळं कार्ड मिळालं तर खेळाडू दोन मिनिटं बाहेर, म्हणजे सामन्याचा सातवा हिस्सा तुम्ही सहा जणांत खेळता. शिवाय इथे ट्राय करणारा संघच पुन्हा किक-ऑफ मारतो, म्हणजे चेंडू उंच मारून खेळ पुन्हा सुरू करतो. तो उंच आलेला चेंडू समोरच्याने पकडला तर ठीक, नाही तर त्याच संघाचा लगेच दुसरा ट्राय, आणि समोरच्याला चेंडू हातात न येताच दहा-बारा गुण गेलेले. पंधरा जणांच्या रग्बीत ऐंशी मिनिटांत सावरायला वेळ मिळतो. इथे चौदा मिनिटांत एक टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) हुकला की चार वर्षं गेली.

यात सर्वांत जास्त पोळलेला संघ कोण, तर आपल्याच खंडातला हाँगकाँग. सेव्हन्सची सगळ्यांत नावाजलेली स्पर्धा त्यांच्या शहरात १९७६ पासून भरते. एशियन गेम्सचं पुरुषांचं सुवर्ण त्यांनी सलग दोनदा जिंकलं, २०१८ ला जकार्त्यात जपानला हरवून आणि २०२३ ला हांगझोऊत कोरियाला हरवून. ऑलिम्पिकला मात्र एकदाही नाही! रिओ ऑलिम्पिकसाठी (२०१६) २०१५ मध्ये पात्रता फेरी घरच्याच मैदानावर होती, अंतिम सामना जपानकडून २४-१० असा गेला. टोकियोला जपान यजमान, म्हणजे आशियाची जागा मोकळी. कोरियातल्या इंचॉनच्या अंतिम सामन्यात कोरियाशी बरोबरी झाली, सडन डेथमध्ये (जादा वेळेत जो आधी गुण घेईल तो जिंकला) पहिला ट्राय कोरियाचा, १२-७. पॅरिससाठी जपान पुन्हा स्पर्धेत, ओसाकाला त्यांच्याच घरी, तिकीट त्यांनीच नेलं. हाँगकाँग मोनॅकोला गेला आणि रिकाम्या हाताने परतला. आशियातल्या सर्वोत्तम दोन-तीन संघांपैकी एकाबद्दल हे बोलतोय आपण.

म्हणून मला वाटतं की विभागाची जागा ठेवावी, पण ती एका वीकेंडवर न ठरवता दोन-तीन टप्प्यांच्या गुणांवर ठरवावी. आशियात सेव्हन्स मालिका दरवर्षी टप्प्याटप्प्यानेच होते, मग त्याच गुणांना वजन द्यायला काय हरकत आहे? खर्च वाढेल, हे मला कळतं. छोट्या देशांना एकच प्रवास परवडतो, हा मुद्दा खोटा नाही.

आणि जागाच काढून टाकली तर? जपानचं पॅरिस तुम्ही बघितलंत, रिओ बघा. आशियाच्या जागेवर गेलेल्या जपानने पहिल्याच दिवशी न्यूझीलंडला १४-१२ ने हरवलं आणि चौथा क्रमांक मिळवला. चीनचं महिला सेव्हन्स तर ऑलिम्पिकमुळे फोफावलं. खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, मग त्यांच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत आला, मग प्रांतोप्रांती संघ तयार झाले. टोकियोत चीनच्या मुली सातव्या आल्या. आत जायचं दारच नसेल तर कुठलं सरकार या खेळावर पैसे घालेल?

भारताचं उत्तर सरळ आहे: पुरुष इतक्यात नाहीत. आशियात दोन पायऱ्या आहेत, वरची सेव्हन्स मालिका आणि खालची सेव्हन्स ट्रॉफी. ऑलिम्पिकच्या गप्पा मारण्याआधी ट्रॉफीतून वर चढायचं आणि तिथे टिकायचं. महिलांचा संघ त्याच्या जास्त जवळ आहे. २०२२ मध्ये जकार्त्याला ट्रॉफीत त्यांनी रौप्य मिळवलं, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्सला त्या खेळल्या. आपल्या पुण्याची वाहबीझ भरुचा देशाची कर्णधार राहिली आहे. ओडिशातून येणाऱ्या मुली तर वेगात कुणाला ऐकत नाहीत. कमी पडतो तो मोठ्या सामन्यांचा सराव. वर्षाला मोजकेच आंतरराष्ट्रीय सामने मिळाले की सडन डेथची सवय कुठून होणार?

पैसा थोडा येऊ लागलाय. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघ, परदेशातले नावाजलेले खेळाडू आणि त्यांच्या जोडीला आपली मुलं. चेन्नई बुल्स जिंकले. चांगलंच झालं, पण ती लीग पुरुषांची होती. पात्रतेच्या दाराशी जो संघ आधी पोचू शकतो, त्याला सोडून दुसऱ्यापासून सुरुवात केली, ही गोष्ट मला अजून पटलेली नाही.