धूर नको, आधी नोंदवही बघ

मिरजेत एवढे दवाखाने, त्यामुळे दवाखान्यांच्या कचऱ्याच्या भट्टीवर लक्ष ठेवायचं तू मनावर घेतलंस, याचा मला खरंच आनंद झाला. पण नुसता काळा धूर बघून तक्रार करू नकोस. डायऑक्सिन, म्हणजे कचरा नीट न जळल्यानं तयार होणारं विष, डोळ्यांना दिसत नाही.

तापमानापासून सुरुवात कर. दवाखान्यांच्या कचऱ्याच्या 2016च्या नियमांनुसार भट्टीच्या पहिल्या कक्षात किमान 800 आणि दुसऱ्यात 1050 अंश सेल्सिअस लागतं, दुसऱ्यात 50 अंश कमी-जास्त चालतं. दुसऱ्या कक्षात वायू किमान 2 सेकंद राहिला पाहिजे. भट्टी थंड पडली की विषारी वायू पुरते जळत नाहीत. एका ठिकाणी मी नोंदवही उघडली, तर महिनाभर रोज 1050, एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेलं. खरी भट्टी अशी वागत नाही रे, आकडा वरखाली होतोच. म्हणून मशीनवरची नोंद माग.

चिमणीची तपासणी तीन महिन्यांनी, डायऑक्सिनची वर्षातून एकदा; मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम. अहवाल मिळत नसेल तर सरळ माहिती अधिकाराचा अर्ज टाक. चाचणीच्या दिवशी भट्टी पूर्ण भारानं चालू होती का, हे विचारायला विसरू नकोस.

जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांकडेही बघ. त्यात सलाईनच्या नळ्या दिसल्या तर चूक दवाखान्यातच झालीय. त्या लाल पिशवीतल्या. क्लोरीनवालं प्लास्टिक जाळायला बंदीच आहे.

राखेला हात लावू नकोस, पोरा. आणि आतल्या कामगारांशी नीट बोल. हातमोजे नसतात बिचाऱ्यांकडे, पहिला त्रास त्यांनाच होतो.