उसाच्या खोडव्याचं (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचं) पाचट न जाळता रानातच कुजवायचं कसं? (सोलापूर, काळी जमीन, पाटपाणी)

पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला उसाचा वाळका पाला, जाळू नकाच. सोलापूरच्या उन्हात उघडी काळी जमीन भेगाळते आणि पाणी उडून जातं. पाचटाखाली ओल टिकते, तणही दबतं.

तोडणी होताच बुडख्यांवरचं पाचट बाजूला ओढून सरीत लोटा. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. इथे बरेच जण चुकतात: बुडखा उंच राहिला की वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे येतात, आणि पाचटाखाली झाकला गेला तर फूटच कमी होते.

एकरी साधारण ३ टन पाचट धरा. त्यावर २५ किलो युरिया आणि ३० किलो सिंगल सुपर फॉस्फेट विस्कटा. पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन (कल्चर) ३ किलो, चाळलेल्या शेणखतात कालवून वेगळं टाका; रासायनिक खतात मिसळलं तर जिवाणू मरतात. मग पाणी द्या आणि पाचट पायानं दाबून मातीला टेकवा. अधांतरी राहिलेलं कुजत नाही.

युरिया अजिबात चुकवू नका. तो नसेल तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि कोवळा खोडवा पिवळा पडतो. ओल टिकली तर तीन-चार महिन्यांत पाचट हातात चुरतं.