नव्या शहरात लहान मुलांसह घर मांडताना

घर पक्के करण्याआधी ते कामाच्या दिवशी सकाळी आणि पुन्हा एकदा रात्री पाहून या, कारण दुपारी शांत वाटणाऱ्या गल्लीचा खरा गोंगाट त्याच वेळी कळतो. भाडे थोडे जास्त पडले तरी पाळणाघर चालत जाण्याच्या अंतरावर असावे, असे माझे ठाम मत आहे. प्रवासात वाचलेला वेळ शेवटी मुलांच्याच वाट्याला येतो.

बाकीचे सामान सावकाश लावा, मात्र मुलांचे अंथरूण पहिल्याच संध्याकाळी तयार करा आणि त्यावर जुनीच चादर, तीही न धुतलेली, घाला, म्हणजे ओळखीच्या वासाने मूल लवकर शांत होते. घर बदलल्यावर तीन-चार वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते किंवा रात्री दचकून उठते, असे पुष्कळदा घडते. त्याला रागावू नका, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा पूर्वीच्याच ठेवा. लसीकरणाचे कार्ड आणि शाळेचा दाखला प्रवासात हातातल्या पिशवीत असू द्या, आणि रात्री उघडे असणारे रुग्णालय आधीच पाहून ठेवा.

या सगळ्यात दिवसभर घरी राहणाऱ्या जोडीदाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि मला तीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. रोज ठरावीक वेळी एकाच बागेत मुलांना नेले, तर तेच पालक पुन्हा पुन्हा भेटतात आणि ओळखी वाढतात. नोकरी करणाऱ्यानेही आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांना एकट्याने सांभाळून जोडीदाराला मोकळीक द्यावी.