त्या संध्याकाळी जेवलात काय?

मे महिना सरत आला आणि अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली, की माझा फोन वाजायला लागतो. श्रीवर्धन, दापोली, मंडणगड. बोलणं साधारण एकच : "ताई, 'निसर्ग'ला इतकी वर्षं झाली, तरी वारा घुमायला लागला की छातीत धडधडतं. मला काही झालंय का?"

काही झालेलं नाही. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळाचा ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर वेगाचा वारा ज्यांनी अंगावर घेतला, त्यांचे कान तो आवाज विसरले नाहीत तर नवल कसलं? भीती वाटणारच. ती ओसरत का नाही, एवढंच बघायचं.

श्रीवर्धनकडच्या एका वहिनी माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वादळाच्या दिवशी नवरा लॉकडाऊनमुळे मुंबईत अडकलेला, घरात त्या, सासूबाई आणि लहान मुलगा. पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळ समुद्रातूनच वर गुजरातकडे सरकलं, पण वहिनी रात्रभर मोबाइलवर नकाशा बघत बसल्या. नंतर नंतर साधा पाऊस धरला तरी मुलाला शाळेत पाठवेनात. घरचे म्हणायचे, "विसर आता ते."

दर भेटीत त्या तीच हकीकत त्याच शब्दांत सांगायच्या. दार दाबून धरलं, बाहेर पोफळी काडकाड मोडत होत्या, कौलं उडाली, "आणि मग छप्पर गेलं." इथे गप्प. पुढे कधीच नाही.

एकदा मी विचारलं, "वहिनी, त्या संध्याकाळी जेवलात काय?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "जेवलो?" मग बऱ्याच वेळाने, "पेज. शेजारच्या काकींच्या स्लॅबच्या घरात." पुन्हा थोडं थांबून, "तांदूळ माझे होते. डबा कोरडा राहिला होता ना! चूल पेटेना, लाकडं सगळी ओली. काकींनी जुन्या खुर्चीचे पाय तोडून दिले. आणि मीठ दोनदा पडलं, एकदा मी घातलं, एकदा त्यांनी. तरी आख्ख्या आळीने ओरपली." आणि वहिनी चक्क हसल्या.

हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. भीती घालवायच्या मागे मी लागत नाही. माझ्या अनुभवात अशा माणसांची हकीकत सगळ्यात वाईट क्षणाशी अडकलेली असते. वहिनींच्या लेखी ३ जूनची दुपार टळलीच नव्हती. ती संध्याकाळपर्यंत, पेजेपर्यंत आणावी लागली. दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन आडव्या माडांतून वाट त्यांनीच मोकळी केली होती, हेही मग आठवलं. इतके दिवस त्या स्वतःला नुसती दार धरून उभी असलेली बाई समजत होत्या.

तुमच्या घरात असं कोणी असेल, तर "विसर" म्हणू नका. "मग काय झालं? कोण आलं?" असं विचारा, आणि मधे न बोलता ऐका. हवामान खात्याचा अंदाज सकाळ-संध्याकाळ बघा, मधल्या वेळात फोन खाली ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निम्मे व्हिडिओ भलत्याच वादळाचे असतात. घाबरलेल्या माणसाला बसवून ठेवू नका, काम द्या. वहिनींकडे आता आळीची यादी असते : अंथरुणाला खिळलेल्या आजींना स्लॅबच्या घरात कोणी न्यायचं, गोठ्यातली दावी कोणी सोडायची, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये कोणाची बांधून झाली, कोणाची नाहीत. छातीत धडधडतं अजूनही. पण यादी हातात असते, आणि मुलगा शाळेत जातो.

महिना उलटूनही झोप लागत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडल्यासारखा वाटत असेल किंवा घरातल्या कोणाची दारू वाढली असेल, तर नुसत्या गप्पांवर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जवळपास कोणी नसेल तर 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे; फोन मोफत लागतो आणि मराठीतही बोलता येतं.